वीस पांढरे चिंचोके

कूलरला गवताच्या नव्या ताट्या बसवायला माणूस आला की आमच्या घरी उन्हाळा सुरू होतो. त्याआधी ऊन कितीही तापो, त्याला आम्ही हिशेबात धरत नाही. यंदा तो उशिरा आला. सगळ्या अमरावतीला कूलर एकाच आठवड्यात आठवतो, त्याला तो तरी काय करणार. त्यानं जुन्या ताट्या काढल्या, त्यांतला वर्षभराचा धुरळा बैठकीत सांडला, नव्या बसवल्या, टाकी भरून मोटर चालू केली आणि ओल्या गवताचा तो वास घरभर झाला. मला वासांनी भरून वगैरे येत नाही. मी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि भरून येणं हा माझा विषय नाही. पण त्या वासाबरोबर दरवर्षी मला अकोल्यातली एक खोली आठवते, त्या खोलीत ओरडून ओरडून गोष्ट सांगणारा मिलिंद आठवतो, आणि पुष्पा आठवते. याला माझ्याकडे इलाज नाही.

यंदा त्यात भर पडली. माझ्या धाकट्या भावाची, बंडूची मुलगी ईश्वरी इथं इंजिनिअरिंगला आहे, माझ्याकडेच राहते. दर रविवारी ती एका कॅफेत जाते. तिथं पाच-सहा पोरं टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत काळोख आहे, आत कोणीतरी श्वास घेतंय. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, कोणी कुलपं उघडणारा चोर. आपण पुढं काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे पासा ठरवणार. पासाही साधा नाही, वीस बाजूंचा. वीस पडले की अशक्य गोष्ट होते, एक पडला की सोपी गोष्टही बोंबलते.

हे सगळं तिनं मला फार सावकाश समजावलं, आत्याचं वय लक्षात घेऊन. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, तुझ्या बापाला विचार. तो या खेळात बुटका होता, कुऱ्हाड घेऊन फिरायचा, आणि वाघाला भिऊन एका झाडावर चढला तो शेवटपर्यंत उतरला नाही. तिला ते खरं वाटेना. तिनं लगेच बंडूला फोन लावला. बंडू नागपूरला बँकेत आहे, कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. तरी त्यानं फोन उचलला आणि म्हणाला, झाड नव्हतं, मचाण होतं.

मग ईश्वरीनं मला मोबाइलवर काही म्हातारे दाखवले. गोरे, पांढऱ्या दाढ्यांचे, पोट सुटलेले. या खेळाच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल ते बोलत होते. जुने डबे हातात धरत, पुस्तकाची पानं नाकाशी नेत, बोलता बोलता गळा दाटून येत होता त्यांचा. तळघरातली ती खोली, ते मित्र, तो पहिला पासा. मला गंमत वाटली आणि थोडा रागही आला. एवढं रडायला यांच्याजवळ निदान सगळं सामान तरी होतं. आमच्याजवळ एक अर्धवट डबा होता आणि अकोल्याचा उन्हाळा.

अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून काही कळत नाही. पेपरात आकडे येतात, लोक ‘बापरे’ म्हणतात आणि पान उलटतात. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. जेवणं झाली की आई खिडक्या लावून घ्यायची, दाराला आडणा घालायची, आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर पाऊल टाकाल तर तंगडं मोडीन असं रोज नव्यानं सांगायची. ओळीत एकाच घरी कूलर होता, आमच्या. म्हणून पोरं आमच्याकडे जमायची. त्या वर्षी मी दहावीची परीक्षा दिली होती. निकाल लागायचा होता. निकाल लागेपर्यंत पोरांचं काय करायचं हे कोणालाच कळत नसतं, पोरांनाही नाही.

डबा आला तो शेजारच्या साहेबांच्या बदलीमुळे. त्यांच्याकडे परदेशातला पुतण्या येऊन गेला होता, त्याचं काहीबाही राहिलं होतं. सामान बांधताना बाईंनी तो डबा मिलिंदला दिला, कारण आमच्या ओळीत कोणी न सांगता इंग्रजी वाचणारा तो एकटाच. आत पातळसं नियमांचं पुस्तक होतं, एका गुहेचा नकाशा होता, आणि पाशांसाठी केलेला रिकामा खळगा होता. पासे पुतण्या घेऊन गेला असावा. पुस्तकाची शेवटची पानंही नव्हती. त्यामुळे खेळ संपवायचा कसा ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुस्तकातलं पहिलं काम होतं आपापला माणूस तयार करण्याचं. आधी नाव. मग जन्म कुठल्या जमातीत घ्यायचा ते निवडा: साधा माणूस, बुटका, की ते लांब कानांचे रानातले लोक. मिलिंद वाचता वाचता थांबला. ‘इथं निवडता येते बावा,’ म्हणाला. आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे नवीन माणसाला नावाच्या आधी आडनाव विचारतात, आणि पुढचं बोलणं कसं करायचं ते आडनाव ऐकून ठरतं. मिलिंदच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. त्याला तो प्रश्न आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा विचारला गेला असणार, हे माझ्या डोक्यात यायला आणखी दहा वर्षं गेली. त्यानं स्वतःसाठी काहीच निवडलं नाही. तो गोष्ट सांगणारा झाला. सांगणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

बाकी नियम आम्ही आमच्या अकलेनं लावले. ताकद, बुद्धी, चपळाई यांना पुस्तकात गुण होते. गुण म्हटल्यावर पास-नापास आलंच. बंडूच्या बुटक्याला बुद्धीत कमी गुण पडले, म्हणून मिलिंदनं त्याला नापास जाहीर केलं, आणि ऑक्टोबरची परीक्षा देईपर्यंत त्याला गुहेत विचार करायला बंदी घातली. फक्त कुऱ्हाड चालवायची. बंडूची काही तक्रार नव्हती. चित्रातला आग ओकणारा राक्षस मिलिंदनं बदलून टाकला. आग ओकणारं कोणी पाहिलं आहे, तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून लू सोडली. ती आम्हाला लगेच समजली. गुहा त्यानं चिखलदऱ्याच्या वर कुठंतरी नेऊन ठेवली. आणि हे सगळं ओरडून. आमचा कूलर इतका आवाज करायचा की कुजबुजणारं भूतसुद्धा त्याला बोंब मारूनच सांगावं लागे. ‘हळूच कोणीतरी तुमच्या मागं येऊन राहिलं’ हे वाक्य तो इतक्या मोठ्यानं म्हणायचा की आतल्या खोलीत आई दचकून उठायची.

पुष्पा क्वार्टरच्या मागच्या गल्लीत राहायची. तिच्या वडिलांचा गावाबाहेर भाजीचा मळा आणि बाजारात दुकान. ती आमच्यात सगळ्यांत मोठी, बारावीची परीक्षा दिलेली. खरं म्हणजे ती आमच्या कुरड्या घालायला आईच्या मदतीला आली होती, सकाळी सकाळी गच्चीवर. दुपारी कूलरसाठी थांबली आणि मग रोज थांबायला लागली. तिनं वैदू व्हायचं ठरवलं. जखमा बांधायच्या, पाला लावायचा, विष उतरवायचं. आजीच्या आजारपणात ती सरकारी दवाखान्यात पुष्कळ दिवस राहिली होती, आणि तिथल्या सिस्टरांचं चालणं तिच्या मनात बसलं होतं. कोणाला धक्का लागत नाही आणि कुठं थांबतही नाहीत, असं ती सांगायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. अमरावतीला. हे तिनं आम्हाला सांगितलं होतं, घरी नाही.

पाशांची अडचण तिनंच सोडवली. अकोल्याच्या दुकानांत सहा बाजूंच्या पाशापलीकडे काही मिळेना. वीस बाजूंचा म्हटल्यावर दुकानदार पोरं चेष्टा करून राहिली असं समजायचा. पुष्पा दुसऱ्या दिवशी ओढणीच्या गाठीत चिंचोके घेऊन आली. ओसरीच्या फरशीवर एकेक घासून घासून तिनं त्यांची एक बाजू पांढरी केली, दुसरी काळीच ठेवली. असे वीस. मूठभर उधळायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचे. वीस चिंचोके म्हणजे वीस आकडे. हिशेब कसा चोख बसला. मिलिंदनं मान डोलावली, मीही डोलावली, आणि दहावीला मला गणितात शाळेत सर्वांत जास्त गुण मिळाले होते हे नंतर कळलं.

ज्याला गणित येतं त्याला या ठिकाणी हसू आलं असेल. आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही. फक्त एवढं लक्षात आलं की आमच्या गुहेत मोठं असं काही घडतच नाही. सारखे दहा पडायचे, नाहीतर अकरा, नाहीतर नऊ. माझी तलवार लागायची पण थोडी. वाघ जखमी व्हायचा पण मरायचा नाही. कोणी खड्ड्यात पडून मेलं नाही, कोणाला जादूची अंगठी सापडली नाही. आम्ही सगळे मध्यम माणसं झालो होतो. मला ते गैर वाटलं नव्हतं, कारण गुहेबाहेरही तसंच चाललेलं होतं.

नकाशाच्या अगदी शेवटी एक लोखंडी दार होतं. पुस्तकात लिहिलं होतं की ते वीस पडल्याशिवाय उघडत नाही. पलीकडे काय आहे ते फाटलेल्या पानांत गेलं होतं. आम्ही तिथं पोचलो त्या दुपारी पुष्पानं चिंचोके दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, ‘हे दार माह्या नावानं ठेवा. ज्या दिवशी वीस पडन, त्या दिवशी मी बाबाले सांगीन, का मले नर्सिंगले जायाचं हाये.’

परतवाड्याच्या एका घरून तिच्यासाठी विचारणा आलेली आम्हाला माहीत होती. संत्र्याचे व्यापारी, बागाच्या बागा झाडावर विकत घेणारे, चांगले लोक. तिच्या बाबांनी अजून शब्द दिला नव्हता. शब्द जायच्या आत बोलायला हवं होतं, आणि बोलणारी ती एकटीच होती, कारण तिच्या घरात पोरीच्या वतीनं दुसऱ्या कोणी बोलायची रीत नव्हती. मिलिंदनं नियम केला: दाराला दिवसातून एकच धडक. टाकीतलं पाणी संपत आलं की कूलरचा आवाज बदलतो, कोरडा होतो. तो आवाज आला की बाकीचा खेळ थांबायचा आणि पुष्पा चिंचोके उधळायची.

त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यांत स्पष्ट आठवतं ते हे. कोरडा फिरणारा पंखा, थंड फरशी, आणि चौघांची डोकी चिंचोक्यांवर वाकलेली. अकरा. दुसऱ्या दिवशी नऊ. मग बारा. बंडू तर देवाला काहीबाही कबूल करायचा. एकदा चौदा पडले तेव्हा आम्ही एवढा गलका केला की शेजारच्या काकू बघायला आल्या. पुष्पा मात्र गलका करायची नाही. चिंचोके गोळा करायची, गाठीत बांधायची, आणि उठताना म्हणायची, ‘चला, उद्या.’ मला वाटायचं, काय धीर आहे हिला.

मे महिना सरता सरता परतवाड्याचे पाहुणे आले. पोहे आणि सरबताचं ताट न्यायला मी होते. सगळं रीतीनं झालं. शेवटी तिच्या बाबांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, पोरी, तुही मर्जी असन तरच हो म्हन. त्या काळात असं विचारणारा बाप आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. पाहुणेही चकित झाले. पुष्पानं मान खाली घातली आणि हो म्हणाली. आदल्या दिवशी दहा पडले होते.

पुढं शाळा-कॉलेजं सुरू झाली, मिलिंदच्या वडिलांची बदली झाली आणि डबा त्यांच्या सामानात गेला. मिलिंद आता औरंगाबादला प्राध्यापक आहे. भाषण चांगलं करतो, पण माइकसमोरही ओरडतो.

मी बीएस्सीला होते तेव्हा सरांनी फळ्यावर नाणी उडवायची गणितं घातली. एक नाणं, दोन नाणी, दहा नाणी. सगळेच छापे पडण्याची शक्यता किती. मी वहीत आपली आकडेमोड करत होते आणि मधेच हात थांबला. वीस चिंचोके म्हणजे वीस नाणीच की. सगळे पांढरे पडायचे तर दहा लाखांत एकदा. खऱ्या पाशावर वीस हा विसांत एकदा येतो. तेवढ्या दुपारी टाकला असता तर एकदा तरी आलाच असता, बहुतेक. म्हणजे पुष्पाचं दार बंद राहिलं ते नशिबानं नाही, आमच्या चुकीच्या हिशेबानं. बीएस्सीच्या वर्गात बसून मला तिच्यासाठी रडू आलं. एकदाच. पण आलं होतं हे खरं.

तिला ते सांगायचं कशाला, असं मी ठरवून टाकलं. आमची भेट लग्नकार्यात व्हायची. ती तिच्या घरी चांगली होती, नवरा भला माणूस, हात उगारणारा नाही, हिशेब तिच्या हातात देऊन मोकळा होणारा. झालेल्या गोष्टीवर शक्यतेचं गणित मांडून मिळतं काय. पण गणित आलं की ते विसरता येत नाही, हा त्या विषयाचा दोष आहे. दर उन्हाळ्यात ताट्या भिजल्या की ते दहा लाख माझ्यासमोर येऊन बसायचे.

तर ईश्वरी. तिनं आपला पासा माझ्या हातावर ठेवला. निळा, काचेसारखा, बोरापेक्षा जरा मोठा. त्याला एवढ्या बाजू आहेत हे खरं वाटत नाही, पण मी मोजल्या. टाकून बघ, म्हणाली. टाकला, सात. पुन्हा टाकला, तीन. तिसऱ्यांदा टाकला आणि वीस. ईश्वरीनं टाळ्या वाजवल्या. मला संताप आला. इतकं सोपं होतं हे? मी तो पासा तिच्याकडून मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतवाड्याला गेले. ईश्वरीला वाटलं, आत्याला खेळाचं वेड लागलं.

परतवाड्याला पुष्पाचं दुकान बसस्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे. मृग बहराची संत्री संपली होती, आता टरबुजांचा ढीग होता. ती गल्ल्यावर बसली होती, चष्मा कपाळावर चढवलेला. तिच्या मागच्या फळीवर वजनकाट्याशेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र असतं. बाजारातले सगळे तिच्याकडे बीपी पाहून घेतात, हमाल, भाजीवाल्या, कोणीही. मी बसल्याबरोबर तिनं माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला. मी एका हातानं टरबुजांखालच्या पुठ्ठ्यावर पेनानं तिला ते गणित मांडून दाखवलं. चिंचोके, नाणी, दहा लाख. मी म्हटलं, पुष्पा, ते वीस पडणारच नव्हते गं. कधीच.

तिनं यंत्राचा आकडा पाहिला, पट्टा सोडला आणि म्हणाली, ‘मले माहीत होतं.’

मी पेन खाली ठेवलं.

‘चिंचोके मीच आनले होते ना, नंदे. आजीसंग लहानपनापासून खेळत होती मी. सगळे पांढरे पडलेले एकदाही पाहिले नव्हते. म्हनून तं वीस म्हटलं. अकरा म्हटलं असतं तं दुसऱ्याच दिवशी घरी सांगा लागलं असतं.’

मग तिनं एका गिऱ्हाइकाला टरबूज ठोकून दिलं, पैसे घेतले, आणि परत येऊन बसली. भीती वाटत होती, एवढंच म्हणाली. बाबा मारणारे नव्हते. मारणारे असते तर तिला सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. पण ते मर्जी विचारणारे बाप होते, आणि त्यांच्या तोंडावर माझी मर्जी नाही म्हणायचं तिच्यानं होईना. म्हणून तिनं दाराला असं कुलूप घातलं की ते उघडू नये, आणि रोज आमच्यासमोर त्याला धडका दिल्या. आम्ही ओरडायचो ते तिला आवडायचं. चौघांपैकी तिघांना तरी खरंच वाटत होतं की आज पडतील.

इतकी वर्षं मी तिच्यासाठी हळहळले ती हळहळ कुठं ठेवू ते मला कळेना. थोडं हसू आलं, थोडा रागही आला. मी विचारलं, आता बाबा कसे आहेत? ते अकोल्यालाच असतात, तिच्या भावाकडे. फार थकले आहेत. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगतात, मी माझ्या पोरीला विचारून तिचं लग्न केलं. तेवढी एक गोष्ट ते विसरलेले नाहीत. प्रत्येक वेळी ती समोर असते, आणि प्रत्येक वेळी मान हलवते. ‘एकदा सांगाचं हाये त्याईले,’ ती म्हणाली. ‘भांडाले नाही. मले जायाचं होतं, एवढंच त्याईच्या कानावर घालाचं हाये. ते गेल्यावर मंग मी कोनाले सांगू?’

मी पर्समधून पासा काढला आणि टरबुजांच्या मधल्या फळीवर ठेवला. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला, उचलून सगळीकडून पाहिला.

‘याच्यात पडते का वीस?’

‘पडतात. मला कालच पडले.’

तिनं तो मुठीत धरला. हात वर केला, चिंचोके उधळताना करायची तसाच. मग खाली घेतला.

‘मंग नाही टाकत,’ म्हणाली. आणि पासा यंत्राच्या पिशवीत टाकून तिनं चेन लावून घेतली.

तिनं तो ठेवून घेतला, मी मागितला नाही. ईश्वरीला नवा आणून दिला. परतीच्या गाडीत ऊन डोक्यावर होतं, खिडकीला हात लावता येत नव्हता. त्या पांढऱ्या दाढीवाल्या लोकांचा मला आता तितका राग येत नव्हता. त्यांच्याही तळघरात कोणी असं कुलूप घालून बसलेलं असेल, आणि बाकीच्यांना वाटत असेल की आपण नुसतं खेळून राहिलो. खेळ आठवला की माणसं रडतात ती खेळासाठीच असं काही नाही.

घरी आल्यावर शिकवण्या होत्या. बारावीची पोरं, पुढच्या वर्षाची. शक्यतेचं प्रकरण चालू होतं. मी नेहमीसारखी नाणी उडवली, फळ्यावर आकडे लिहिले, आणि एका मुलीनं विचारलं की मॅडम, शून्याच्या इतकं जवळ असेल तर लोक वाट का पाहतात? मी म्हटलं, ते सिलॅबसमध्ये नाही.

पुष्पाचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा टरबुजांच्या भावाबद्दल बोलली. मी पाशाबद्दल विचारलं नाही. मग कळलं की ती अकोल्याला गेली आहे, बाबांची तब्येत जरा नरम आहे. त्या दिवशी दुपारभर माझं कशात लक्ष नव्हतं, हे मी कबूल करते. ऊन उतरत आलं, कूलरचा आवाज कोरडा झाला, टाकी भरायला उठायचं म्हणून मी उठले, तेवढ्यात मोबाइल वाजला. पुष्पानं फोटो पाठवला होता. घोंगडीवर निळा पासा, शेजारी एका म्हाताऱ्या माणसाचा शिरा उठलेला हात. खाली दोन ओळी होत्या.

‘सात पडले.

तरी सांगतलं.’